अलार्म बसवल्यापासून पार्किंग लाईटचा घोळ: ब्लिंक होत नाही, वर फ्यूज उडतोय

गोदाकाठचा (शनिवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

माझी २००९ सालची पेट्रोल सेडान आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच मॉडेलमध्ये सालागणिक वायरींचे रंग बदलतात, आणि उद्या कोणी माझ्या गाडीतला रंग वाचून स्वतःच्या गाडीत तीच वायर सोलायला नको. आम्ही इंदिरानगरला राहतो. बिल्डिंगला बंद पार्किंग नाही, गाडी रात्रभर रस्त्यावर असते. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका गाडीची काच फोडून बॅग नेली, तेव्हा मी अलार्म बसवून घेतला. शहरातल्याच एका ॲक्सेसरीच्या दुकानात बसवला. सायरन, सेंट्रल लॉक, दोन रिमोट, सगळं रीतसर चालतं.

फक्त लॉक केल्यावर पार्किंग लाईट ब्लिंक होत नाहीत. सायरन 'टुक' करतो, दारं लागतात, दिवे मात्र गप्प. दुकानात विचारलं तर म्हणाले, "या गाडीला असंच येतं." मला पटलं नव्हतं, पण विषय वाढवला नाही.

मंगळवारी त्र्यंबकेश्वरहून येत होतो. पाऊस जोरात होता. मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून सातपूरच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. अंधार होता, मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून पार्किंग लाईट चालू ठेवले, रिमोटने लॉक केलं आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. परत येऊन बघतो तर मागचे लाल दिवे बंद, नंबरप्लेटचा बंद, आतला डॅशबोर्डवरचा मीटर काळा. हेडलाईट आणि ब्रेक लाईट तेवढे सुरू होते. तसाच हळूहळू घरी आलो. दुचाकीवाले अगदी जवळ येऊन ब्रेक मारत होते, कारण मागून गाडी दिसतच नव्हती. तेवढ्या अंतरात घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी बघितलं, १० अँपिअरचा टेल लाईटचा फ्यूज उडालेला. नवा टाकला, सगळं सुरू. मग घरासमोर मुद्दाम करून पाहिलं:

दिवे बंद ठेवून लॉक केलं, काहीच झालं नाही. ब्लिंक नाही, फ्यूजही शाबूत. दिवे चालू ठेवून लॉक केलं, त्याच क्षणी फ्यूज गेला.

दिवसा गाडी माझे वडील चालवतात. त्यांना कमी ऐकू येतं, सायरनचा तो 'टुक' त्यांना कळत नाही. दिवे ब्लिंक झाले तरच त्यांना गाडी लॉक झाल्याचं समजेल. त्यामुळे हा ब्लिंक माझ्यासाठी हौसेचा मामला नाही.

माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं. गाडीच्या वायरिंगला आजवर हात लावलेला नाही. कुठून सुरुवात करू?

म्हसरूळकर (शनिवार, रात्री १०.४०)

दादा, दुकानात परत घेऊन जा आणि करून मागा. तुम्ही पैसे दिलेत.

गोदाकाठचा (शनिवार, रात्री १०.४८)

गेलो होतो. त्यांनी १० च्या जागी २० चा फ्यूज टाकायला सांगितलं. मी नको म्हणून परत आलो.

वायरमन काका (शनिवार, रात्री ११.०५)

नको म्हणालात ते फार बरं केलंत. १० च्या जागी २० टाकला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे ठरलेला असतो. डॅशबोर्डमागे जळलेली वायर मी आयुष्यात भरपूर पाहिली आहे, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधी कोणीतरी मोठा फ्यूज टाकलेला असायचा.

मी अंबडला ऑटो इलेक्ट्रिकचं काम बरीच वर्षं केलं, आता घरीच असतो. तुमच्या दोन चाचण्यांत निम्मं उत्तर आलेलं आहे. नीट बघा.

दिवे बंद असताना अलार्मने काहीतरी केलं आणि दिवे लागले नाहीत. दिवे चालू असताना त्याने तेच केलं आणि शॉर्ट झाला. म्हणजे तुमचा अलार्म त्या वायरीला प्लस देत नाही, मायनस देतोय. बल्बचं एक टोक आधीच बॉडीला अर्थ आहे, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेलं आहे. दुसऱ्या टोकालाही अर्थ दिला तर बल्ब कशाने लागणार? आणि त्या वायरीत स्विचमधून १२ व्होल्ट येत असताना तिला अर्थ दाखवला की फ्यूज जाणारच.

उद्या उजेडात तीन गोष्टी बघून कळवा.
पहिली, अलार्मच्या डब्यातून पार्किंग लाईटची वायर कोणत्या रंगाची निघते. बहुतेक पांढरी असेल, पण पत्रकात बघून खात्री करा.
दुसरी, त्या डब्यावर प्लस-मायनस निवडायचा छोटा जम्पर किंवा फ्यूजसारखी चिमटी आहे का, आणि ती कुठल्या बाजूला बसवली आहे.
तिसरी, ती वायर गाडीच्या नेमक्या कोणत्या वायरीला आणि कुठे जोडली आहे.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या पाइपातून जाणाऱ्या वायरीला अजिबात हात लावू नका, ती एअरबॅगची असते. मल्टिमीटरही लावू नका.

कसारा घाट (रविवार, सकाळी ७.५०)

काकांचं बरोबर वाटतंय. फक्त एक शंका. शॉर्ट होत असेल तर अलार्मचा स्वतःचा फ्यूज का उडत नाही?

वायरमन काका (रविवार, सकाळी ८.३०)

चांगला प्रश्न आहे. करंटचा रस्ता बोटाने काढून बघा. बॅटरी, मग गाडीचा टेल फ्यूज, मग लाईटचा स्विच, मग ती वायर, तिथून अलार्मच्या आतला रिले (करंटवर चालणारा स्विच) आणि अलार्मच्या काळ्या वायरीतून बॉडी. अलार्मची लाल सप्लाय वायर या रस्त्यात येतच नाही, म्हणून तिचा फ्यूज शाबूत राहतो. कोणता फ्यूज उडाला यावरून चूक कोणत्या बाजूला आहे ते कळतं. फ्यूज नुसता बदलून पुढे जाऊ नये ते यासाठीच.

गोदाकाठचा (रविवार, दुपारी १.१५)

काका, सकाळपासून स्टीअरिंगखाली उताणा पडून होतो. सापडलं ते सांगतो.

वायर पांढरी. अलार्मच्या डब्याच्या कडेला छोटा जम्पर आहे, शेजारी प्लस आणि मायनस कोरलंय. जम्पर मायनसवर.

पांढरी वायर स्टीअरिंगखालून मधल्या भागात गेली आहे आणि स्टीरिओच्या मागे एका बारीक वायरीला टोचणाऱ्या क्लिपने जोडली आहे. ती निळी क्लिप असते ना, आत पत्र्याची पाती असलेली, तीच. क्लिप हाताने ओढली तर निघून आली. आतल्या तांब्याच्या अर्ध्या तारा तुटलेल्या होत्या.

पांढरी वायर मोकळी करून, बॅटरी परत लावून मोजलं. काळा प्रोब बॉडीला आणि लाल पांढऱ्या वायरीला धरून लॉक दाबलं: शून्य. मग लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि काळा पांढऱ्या वायरीला धरून लॉक दाबलं: १२.४, आणि आकडा ब्लिंकसारखा येऊन गेला. म्हणजे तुमचा अंदाज खरा. अलार्म मायनस देतोय.

जम्पर प्लसवर केला, वायर तात्पुरती त्याच जागी जोडली, लॉक दाबलं. दिवे ब्लिंक झाले! पुढचे, मागचे, आतला मीटरसुद्धा. दिवे चालू ठेवून लॉक केलं, फ्यूज टिकला. मनापासून धन्यवाद. आता सोल्डर करून टाकतो.

एकच विचारायचंय. दुकानातल्याने मायनस का निवडलं असेल? जम्पर तर समोरच दिसतो.

वायरमन काका (रविवार, दुपारी २.०५)

अजून सोल्डर करू नका. स्टीरिओच्या मागची वायर म्हटल्यावर मला खात्री वाटत नाही. पुढे सांगतो.

आधी तुमचा प्रश्न. त्या पोराच्या हातात बहुतेक टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर तपासायचा छोटा दिवा, होता आणि लॅम्पची क्लिप त्याने बॅटरीच्या प्लसला लावलेली होती. दिवे बंद असताना टोक त्या वायरीला टेकवलं की टेस्ट लॅम्प पेटतो. का? कारण गाडीचे बल्ब बंद असतात तेव्हा ती वायर त्यांच्या फिलामेंटमधून बॉडीला पोचलेली असते. पाच वॅटच्या बल्बची थंड फिलामेंट जेमतेम दोन-तीन ओहम. चार-पाच बल्ब एका वायरीवर म्हणजे एक ओहमही उरत नाही. टेस्ट लॅम्पला ते अर्थच वाटतं. मीटर बीपवर, म्हणजे जोड आहे का ते तपासायच्या खुणेवर, ठेवलात तरी तो खुशाल बीप देईल. झालं, त्याने मायनसची वायर समजून जम्पर तसा बसवला. पोरगं लबाड नसेल, त्याला कोणी हे दाखवलं नसेल.

म्हणून पार्किंगची वायर ओळखताना बीप नाही, ओहम नाही. व्होल्टवर ठेवायचं, काळा प्रोब स्वच्छ बॉडीला, आणि स्विच फिरवत बघायचं. दिवे बंद: शून्य. पहिला खटका, म्हणजे नुसते पार्किंग: १२. दुसरा खटका, हेडलाईट: तरीही १२ टिकलं पाहिजे. दुसऱ्या खटक्यावरच १२ आलं तर ती हेडलाईटची वायर. चावी बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा बघा.

आणि चौथी चाचणी, जी लोक हमखास विसरतात. मीटर लावलेला ठेवून डॅशबोर्डच्या प्रकाशाचा डिमर पूर्ण खाली-वर करा. व्होल्टेज हललं तर ती पार्किंगची वायर नव्हे, आतल्या उजेडाची आहे. स्टीरिओमागे मिळते ती बहुधा तीच असते.

गोदाकाठचा (रविवार, दुपारी २.२०)

काका, डिमर फिरवून बघितला नाही, आता बाहेर निघालोय. पण बाहेरचे सगळे दिवे झकास ब्लिंक होतायत, मग ती वायर चुकीची कशी असेल?

वायरमन काका (रविवार, दुपारी २.२६)

डिमर आत्ता फुल असेल. बघून सांगा, घाई नाही.

गंगापूर रोड (रविवार, संध्याकाळी ६.४०)

मध्येच माझा प्रश्न घुसवते, विषय जवळचाच आहे. माझ्या अलार्मला पार्किंगऐवजी इंडिकेटर जोडलेत. लॉक केल्यावर चारही इंडिकेटर ब्लिंक होतात, ते ठीक. पण आता डावा इंडिकेटर दिला तरी उजवाही लागतो. वळताना लोकांना मी हॅझर्ड लावल्यासारखं वाटतं. मुंबई नाक्याला काल एकजण उजवीकडून येऊन धडकता धडकता राहिला. काय करू?

वायरमन काका (रविवार, संध्याकाळी ७.१०)

ताई, हे आजच सोडवा, उद्यावर टाकू नका. इंडिकेटर खोटा बोलत असेल तर तो नसलेलाच बरा.

तुमच्या अलार्मला इंडिकेटरसाठी एक वायर आहे की दोन ते बघा. पुष्कळ अलार्मना दोन असतात, एक डावीची आणि एक उजवीची. आत दोघींचे कॉन्टॅक्ट वेगळे असतात. बसवणाऱ्याने त्या एकत्र पिळून एकच करून टाकल्या असतील. सुट्या करून एक डाव्या इंडिकेटरच्या वायरीला, एक उजव्या वायरीला द्या, की झालं.

एकच वायर असेल तर मध्ये दोन डायोड लागतील. अलार्मकडून आलेली वायर दोन फाट्यांत वाटायची, प्रत्येक फाट्यात एक डायोड, पट्टीचं टोक इंडिकेटरच्या बाजूला. मग अलार्मचा करंट दोन्हीकडे जातो, पण डावीचा उजवीकडे उलटा जात नाही. डायोड मोठा घ्या. एका बाजूला २१ वॅटचे दोन बल्ब आणि मडगार्डवरचा ५ वॅटचा, मिळून ४७ वॅट, म्हणजे चार अँपिअरच्या आसपास. दुकानात डायोड मागितला की १एन४००७ हातात ठेवतात. तो एक अँपिअरचा आहे, इथे टिकणार नाही. ६ए४ मागा, सहा अँपिअरचा येतो.

गंगापूर रोड (सोमवार, रात्री ९.३०)

काका, दोनच वायरी होत्या, टेपखाली एकत्र पिळलेल्या. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने सुट्या करून दिल्या. डावा दिला तर डावाच लागतो आता. फार फार आभारी आहे.

गोदाकाठचा (मंगळवार, सकाळी ८.०५)

काका, तुम्ही म्हणालात तेच झालं.

रविवारी रात्री आम्ही पिंपळगाव बसवंतहून परत येत होतो. गाडी बायको चालवत होती. तिच्या डोळ्यांवर मीटरचा उजेड येत होता, म्हणून तिने डिमर अगदी कमी केला. सोमवारी सकाळी वडिलांनी गाडी लावली, रिमोट दाबला आणि वर येऊन मला म्हणाले, "अरे, दिवे लागलेच नाहीत, गाडी उघडीच आहे का?" खाली जाऊन पाहिलं. गाडी लॉक होती. बाहेरचे दिवे ब्लिंक होत होते, पण नखाएवढे लालसर, उन्हात कोणाला दिसणार? आतला मीटर मात्र लखलखीत. डिमर फुल केला, बाहेरचे दिवे परत झकास.

मग मल्टिमीटर लावला. स्टीरिओमागची वायर, स्विचचा पहिला खटका: डिमर फुल असताना १२.२, कमी केला की ५.८.

पटलं. अलार्मचा करंट आतल्या बल्बांना सरळ मिळत होता आणि बाहेरच्या दिव्यांना डिमरमधून उलटा. डिमरच्या बटणाला हात लावला तर दहा-बारा ब्लिंकनंतर कोमट लागत होतं.

वायरमन काका (मंगळवार, सकाळी ९.२०)

कोमट लागलं तेव्हाच थांबलात ना? ठीक. डिमर आतल्या दोन-चार बारीक बल्बांसाठी असतो. बाहेर पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबरप्लेटचा एक, पाच-पाच वॅटचे धरले तर २५ वॅट, दोन अँपिअरच्या वर. इतका करंट रोज त्यातून नेला तर काही महिन्यांत आतला रेझिस्टन्स जळून डॅशबोर्ड कायमचा काळा होतो. मग कोणाला आठवतं की अलार्ममुळे झालं?

आता खरी वायर शोधायची. स्टीरिओकडे जाऊच नका. ड्रायव्हरच्या दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपवर असते, हलक्या हाताने वर ओढली की निघते. तिच्याखालून डिकीकडे जाणारा वायरींचा जुडगा असतो. काही गाड्यांत तो डाव्या बाजूने जातो. आधी डिकीत टेल लॅम्पच्या सॉकेटवर पार्किंगची वायर कोणती ते बघा, रंग लिहून घ्या, मग उंबऱ्याखाली तोच रंग शोधा. आणि रंग जुळला म्हणून विश्वास ठेवू नका. चारही चाचण्या परत करा.

कसारा घाट (मंगळवार, सकाळी १०.००)

टेल लॅम्पचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डिकीत सॉकेट उघडलं की अर्थची काळी वायर आणि तिचा स्क्रू हमखास बघा. माझ्या गाडीत ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळायचा. मी दोन महिने अलार्मला दोष देत होतो. निघालं काय, तर डाव्या टेल लॅम्पची अर्थ गंजलेली. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची पार्किंगची, दोघींचा अर्थ एकच. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून मागे शिरतो आणि सगळ्या पार्किंग लाईनवर पसरतो. स्क्रू काढून सँडपेपर मारला, विषय संपला. इगतपुरीच्या पावसात डिकीत पाणी झिरपतं, आमच्याकडे हे नेहमीचंच आहे.

नवीन गाडी (मंगळवार, दुपारी १२.३०)

माझी २०२१ ची गाडी आहे. याच चाचण्या केल्या तर स्विचच्या वायरीवर १२ येतच नाही. पाच-साडेपाच व्होल्ट दिसतात आणि खटका बदलला की तीन, दीड असं काहीतरी. मीटर खराब आहे का?

वायरमन काका (मंगळवार, दुपारी १.१०)

मीटर चांगला आहे. तुमच्या गाडीत स्विच दिव्यांना करंट देत नाही, तो फक्त कंट्रोल युनिटला खूण करतो. वेगवेगळ्या रेझिस्टन्समुळे वेगवेगळे व्होल्ट दिसतात आणि त्यावरून युनिट ओळखतं की कोणता खटका. त्या वायरीवर अलार्मचे १२ व्होल्ट सोडले तर युनिट जाईल, आणि ते फार महाग पडतं. तिथे टेस्ट लॅम्पही टेकवू नका, तो जास्त करंट ओढतो. गाडी नवीन आहे, वॉरंटी असेल, वायर कापली तर ती जाण्याची भीती. तुमच्या मॉडेलसाठी कपलरला कपलर लागणारा अलार्म घ्या, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बसवा. मी घरच्या माणसालाही हेच सांगेन.

काही गाड्या या दोन्हींच्या मधल्या असतात. त्यांत दिवे बंद असताना स्विचच्या वायरीवर १२ दिसतात आणि चालू केले की शून्य. तिथे स्विच रिलेला अर्थ देतो, आणि तिथे जम्पर मायनसवरच बरोबर असतो. म्हणजे मायनस चूक आणि प्लस बरोबर असं काही नाही. तुमच्या वायरीने जे दाखवलं, तेच खरं.

म्हसरूळकर (मंगळवार, दुपारी ३.४५)

मी परवा पार्किंगला एलईडी बल्ब टाकले. अलार्म बंद असतानाही रात्री मंद जळत राहतात. हाही असाच प्रकार का?

कसारा घाट (मंगळवार, संध्याकाळी ५.१५)

भाऊ, एलईडीला लागायला किंचित करंट पुरतो. साध्या बल्बमधून निघून जाणारी जी गळती दिसत नव्हती, ती एलईडी दाखवतो. आधी अलार्मची पार्किंग वायर काढून बघा. काढल्यावर विझले तर गळती अलार्मच्या आऊटपुटमधून आहे. मग पार्किंगच्या वायरीपासून बॉडीला एक किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. माझं त्यानेच थांबलं. वायर काढूनही जळत राहिले तर मात्र कारण दुसरं आहे.

गोदाकाठचा (गुरुवार, रात्री ९.५०)

आज सुट्टी घेतली होती. काम झालं. जसं केलं तसं लिहितो, माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाला लागेल.

डिकीतलं अस्तर बाजूला करून टेल लॅम्पचं सॉकेट काढलं. कसारा घाट यांनी सांगितलेला अर्थचा स्क्रू बघितला, हिरवट झाला होता, घासून घट्ट केला. पार्किंगची वायर ओळखली. मग उंबऱ्याची पट्टी काढली. खाली धूळ, एक रुपयाचं नाणं आणि वायरींचा जुडगा, त्यावर काळ्या कापडी टेपचे वेढे. टेप कापताना ब्लेड वापरलं नाही, टोक शोधून उलट उलगडत गेलो, कारण आत ब्लेड लागलं तर नवी भानगड.

तो रंग जुडग्यात दोनदा होता! एकीवर बारीक पट्टा, एकीवर नाही, आणि जुन्या धुळीने पट्टा दिसतही नव्हता. ओल्या फडक्याने पुसल्यावर दिसला. काका, रंगावर विश्वास ठेवू नका असं तुम्ही म्हणाला नसता तर मी पहिली सापडलेलीच धरली असती. ती मोजली तर डिकीच्या दिव्याची निघाली, कायम १२ व्होल्ट.

दुसरी मोजली. बंद: शून्य. पार्किंग: १२.३. हेडलाईट: १२.१. डिमर वर-खाली: आकडा जागचा हलला नाही. चावी काढून परत सगळं केलं, तेच.

बॅटरीचं मायनस काढलं. वायर कापली नाही. एक सेंटिमीटरभर इन्सुलेशन सोलून, तारा न तोडता मध्ये फट करून पांढरी वायर तिच्यातून ओवून गुंडाळली आणि सोल्डर मारला. हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवता येत नाही, कारण त्याला मोकळं टोक लागतं. म्हणून कापडी टेपचे तीन थर. साधी प्लास्टिकची टेप नाशिकच्या एप्रिलमध्ये बंद गाडीत चिकट होऊन सुटते, हे मी स्टीरिओमागे बघितलंय. पांढरी वायर तिथपर्यंत पुरत नव्हती, ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर जोडून वाढवली आणि अलार्मच्या जवळ पाच अँपिअरचा फ्यूज होल्डर टाकला.

लॉक केलं: एक ब्लिंक. अनलॉक: दोन. डिमर शून्यावर नेऊन परत: तेवढेच प्रखर. दिवे चालू ठेवून लॉक केलं, वीस वेळा. फ्यूज जागेवर.

काका, एक विचारायचं राहिलं. रात्री बॅटरी उतरणार नाही ना?

वायरमन काका (गुरुवार, रात्री १०.१५)

पाच अँपिअरचा फ्यूज बरोबर टाकलात, दोन-सव्वादोनचा भार आहे.

बॅटरीचं मोजूनच बघा. सगळं बंद करून, लॉक करून अर्धा तास जाऊ द्या. मीटर दहा अँपिअरच्या भोकात, बॅटरीचं मायनस टर्मिनल आणि त्याची केबल यांच्यामध्ये. मीटर लावून ठेवून दार उघडायचं नाही आणि स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाऊ शकतो. २० ते ५० मिलिअँपिअर आलं तर निवांत झोपा. अलार्मचा रिले चिकटून दिवे रात्रभर राहिले, तर दहा तासांत वीसेक अँपिअर-अवर जातात. ३५ ची बॅटरी सकाळी गाडी उठवणार नाही.

आणि स्टीरिओमागची ती अर्धी तुटलेली वायर तशीच ठेवलीत का?

गोदाकाठचा (शुक्रवार, सकाळी ७.३०)

२८ मिलिअँपिअर.

स्टीरिओमागची वायर कालच तुटलेल्या जागेपाशी कापून, हीट श्रिंक चढवून परत जोडली. इथे कापायला हरकत नव्हती, ती निम्मी गेलेलीच होती. निळी क्लिप फेकून दिली.

आज वडील सव्वासहालाच रामकुंडावर गेले होते. आत्ता परत आले, खिडकीतून बघत होतो. गाडी लावली, चार पावलं पुढे येऊन मागे वळले, रिमोट दाबला, मागचे दिवे लागून विझले, आणि मग जिन्याकडे निघाले. हँडल ओढून बघायला परत गेले नाहीत.

वायरमन काका (शुक्रवार, सकाळी ८.१०)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. पावसाळा संपला की उंबऱ्याची पट्टी एकदा उचलून तो जोड बघा, खाली ओल धरते का ते कळेल.